हाणलं, बडवलं, चेचलं

उन्हाळा तापू लागला की माझ्या दारात इंग्रजी दुरुस्त करून घ्यायला येणाऱ्यांची ये-जा वाढते. कुणाला टँकरचा अर्ज वरच्या ऑफिसात पाठवायचा असतो, कुणाला चारा छावणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी अहवाल हवा असतो, कुणाच्या पोराला परदेशात शिकायला जायचं असतं आणि त्याला आपण किती सोसलंय ते पाचशे शब्दांत सांगायचं असतं. कॉलेजातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण अंबाजोगाईत अजून मी ‘इंग्रजीचे सर’ आहे. लोक कागद देतात, मी चष्मा पुसतो आणि लाल पेन काढतो. सहसा मी कुणावर रागावत नाही.

परवा रागावलो. माझी एक जुनी विद्यार्थिनी हल्ली इंग्रजी वर्तमानपत्राला बातम्या पाठवते, तिचा फोन आला. एका गावात टँकरवर मारामारी झाली होती. ती म्हणाली, “सर, क्लॅश लिहू की असॉल्ट?” मी विचारलं, कुणी कुणाला मारलं. ती म्हणाली, “ते नक्की कळत नाही सर, म्हणून क्लॅश सेफ वाटतं.” माझं डोकंच फिरलं. सेफ कुणासाठी, मार खाणाऱ्यासाठी की तुझ्यासाठी, असं काहीतरी मी तिला ओरडून विचारलं आणि तिचं उत्तर न ऐकताच फोन ठेवला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिली. पोरीची काही चूक नव्हती. हा राग पन्नासहून जास्त वर्षांचा आहे आणि तो माझा माझ्यावरचा आहे.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल लोक भुकेचं बोलतात. मला त्या दुष्काळाचा आवाज आठवतो. हातोडीचा आवाज. सकाळी दिवस उगवायच्या आत सुरू व्हायचा आणि अंधार पडेपर्यंत चालायचा. शेकडो माणसं उघड्या माळावर ओळीनं बसून दगड फोडायची, मोठ्याचा लहान, लहानाची खडी. दगड फुटताना जी कपची उडते ती डोळ्यात जाते, म्हणून बायका पदर डोळ्यांपर्यंत ओढून घ्यायच्या आणि अंदाजानं घाव घालायच्या. अंदाज चुकला की बोट ठेचायचं. त्या खडीवर रक्ताचे डाग असायचे, पण उन्हात ते दुपारपर्यंत काळे पडायचे आणि दगडाच्या रंगात मिसळून जायचे. घाटनांदूरकडे जाणाऱ्या एका रस्त्याखाली ती खडी अजून आहे. मी त्या रस्त्यानं एसटीनं कितीदा तरी गेलोय आणि दर वेळी खिडकीकडे पाठ करून बसलोय.

मी तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलची विहीर आटली, मेस बंद झाली आणि आम्हाला घरी हाकललं. गावात मजुरांची सहकारी सोसायटी होती, रस्त्याचं काम तिच्याकडे होतं. नाव मजुरांचं, सोसायटी अप्पांची. अप्पा म्हणजे चेअरमन. पांढरं धोतर, हळू आवाज. मी शेतकऱ्याच्या घरचा, इंग्रजी शिकणारा गावातला एकटाच. अप्पांनी मला बोलावून हजेरी घ्यायच्या कामाला लावलं. खरं काम मात्र वेगळं होतं. परदेशातली एक मदतसंस्था आमच्या कामावर सुकडी आणि दुधाची पावडर पाठवायची. सुकडी म्हणजे पिठात गूळ घालून भाजलेलं कोरडं खाणं. दुपारी एक मूठ मिळायची आणि तेवढ्यावर पोरं जगायची. त्या संस्थेला दर महिन्याला इंग्रजीत पत्र लागायचं. ते पत्र मी लिहायचो.

आणि मला त्याचा काय माज होता म्हणून सांगू. माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती. तिच्यात मी इंग्रजीतले वाक्प्रचार उतरवून ठेवलेले होते. सगळीकडे पाणीच पाणी. डोकं पाण्यावर ठेवणं म्हणजे कसंबसं तगून राहणं, गरम पाण्यात सापडणं म्हणजे अडचणीत येणं, पाण्याबाहेरचा मासा म्हणजे भांबावलेला माणूस. चहूकडून समुद्र असलेल्या लोकांची भाषा, तिच्यात दुसरं काय असणार. मी ते वाक्प्रचार तडकलेल्या माळावर बसून, पाण्याविना ओठ फुटलेल्या लोकांच्या वतीनं वापरायचो. ‘आमचे मजूर कसेबसे डोकं पाण्यावर ठेवून आहेत’ असं मी एका पत्रात इंग्रजीत लिहिलं तेव्हा संस्थेच्या साहेबाकडून उत्तर आलं की पत्र फार सुरेख होतं. ते उत्तर मी आईला, वडलांना, अप्पांना आणि अगदी गावच्या न्हाव्यालासुद्धा वाचून दाखवलं.

कामावर पाण्याचं एक पिंप यायचं, बैलगाडीवरून. आधी गावातल्या टोळ्या प्यायच्या. गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं सगळ्यात शेवटी, आणि तीही ओंजळ धरून. वरून कुणीतरी ओतणार. ती घरं बौद्ध होऊन सोळा वर्षं झाली होती, पण पिंपाला त्याची खबर नव्हती. मलाही हे खटकत नव्हतं, हे लिहायलाच पाहिजे. मी हजेरी घेत उभा असायचो आणि पहिल्या टोळीबरोबर पाणी प्यायचो.

त्या दिवशी वस्तीची पाळी येईपर्यंत पिंपाचा तळ दिसायला लागला. गयाबाई ओळीत तिसरी होती. चाळिशीची, काटक, बोलायला फटकळ बाई. दगड फोडण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. ती उठून पिंपाजवळ गेली, खाली बसली आणि तिथं पडलेला तांब्या उचलून स्वतः पिंपात घातला. तांब्या तोंडाला लावायच्या आत दासू मुकादम आला. तो अप्पांच्या नात्यातला. त्याच्या हातात घणाचा मोकळा दांडा होता. त्यानं काही विचारलं नाही. दांडा वर गेला आणि खाली आला. कोपराच्या वर हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. दिवसभर मोडण्याचेच आवाज ऐकत होतो, तरी तो वेगळा ओळखू आला.

गयाबाईचा दीर किसन धावत आला. त्याला दासूच्या चार माणसांनी खाली घेतलं. लाथा, बुक्क्या, खोरं उलटं धरून पाठीवर. तो ओरडायचा थांबला तरी ते थांबले नाहीत. मग दासूनं त्याचा उजवा हात ओढून दगडावर ठेवला, मनगटावर पाय दिला आणि शेजारच्या बाईच्या हातातली हातोडी मागून घेतली. त्या बाईनं ती दिली. मी दहा पावलांवर होतो. हजेरीचं पुस्तक छातीशी धरून होतो. किसनची दोन बोटं कायमची गेली. मी एक पाऊलसुद्धा हललो नाही. आज सत्तरी ओलांडल्यावर मला माझ्या त्या पायांची चीड येते.

बातमी संस्थेपर्यंत पोचली, कशी ते कळलं नाही. सुकडीच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं सांगितली असावी. साहेबाचं पत्र आलं. ज्या बाईला इजा झाली तिचं म्हणणं इंग्रजीत लिहून, खाली तिचा अंगठा घेऊन पाठवा. साहेब स्वतः येऊन पाहणार आहेत. अप्पांनी मला ओसरीवर बसवून चहा पाजला. ते म्हणाले, “खोटं लिहू नको. आमी काय खोटं लिहायला सांगत न्हाई. पर वाचणाऱ्याचं डोकं तापंल असं लिहू नको. ट्रक बंद पडला तर पोरं मरतील, ती वस्तीतली बी मरतील. आन् पुढं तुला कॉलेजात चिकटायचं हाय, ते बी हाय ध्यानात.” कॉलेजच्या संस्थाचालकांत अप्पांची उठबस होती, हे मला माहीत होतं.

मी घरी येऊन लिहिलं. मला ते फारच छान जमलं. ‘पाण्यावरून झालेल्या एका दुर्दैवी स्कफलमध्ये एका महिलेला किरकोळ दुखापत झाली.’ स्कफल म्हणजे झटापट. दुखापतीसाठी सस्टेन्ड हे क्रियापद घातलं होतं, जणू ती बाई स्वतःच जाऊन दुखापत घेऊन आली. वाक्यात दासू नव्हता. घणाचा दांडा नव्हता. किसन तर नव्हताच. मी ते तीनदा वाचलं आणि खूश झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कागद, शाईचं पॅड आणि रुबाबासाठी डिक्शनरी घेऊन वस्तीत गेलो. गयाबाई कुडाला टेकून बसली होती. हाडवैद्यानं हाताला बांबूच्या कामट्या लावून फडकी गुंडाळली होती. बाहेर आलेली बोटं सुजून निळी पडली होती. मी पॅड उघडलं.

“वाच आदी,” ती म्हणाली.

मी इंग्रजीत सुरू केलं.

“आपल्या बोलीत वाच की मास्तर. आंगठा मी देनार हाय, तुझा साहेब न्हाई.”

मी मराठीत सांगितलं. पाण्यावरून झटापट झाली, त्यात एका बाईला किरकोळ दुखापत झाली.

“झटापट कुनाकुनाची?”

“तुमची आणि दासूची.”

“झटापटीत दोगांचे बी हात चालत्यात. माझा हात चालला का? तू हुतास न्हवं तितं.”

मी शाईचं पॅड मिटलं.

“आन् एक बाई म्हंजी कोन? मला नाव न्हाई का इंग्रजीत?” ती बोलत राहिली. आवाज चढला नव्हता. “किरकोळ म्हनतोस. तू कावून भितोस रं? तुला कुनी मारलंय?”

मी म्हटलं, बरं, झटापट काढतो, ‘मारलं’ असं लिहितो. बीट हा शब्द घालतो.

“मारलं म्हंजी? मास्तर बी पोराला मारतंय. हे तसलं न्हवं.” तिनं डोळे मिटले आणि एकेक शब्द दगड निवडावा तसा निवडून सांगितला. “मला हाणलं. एकदाच. दांड्यानं, बसलेली असताना. किसनला बडवलं, चौघांनी, लई येळ. आन् त्याची बोटं चेचली. दगडावर ठिवून. हाणलं, बडवलं, चेचलं. तीन येगळी कामं हायेत ती. तुझ्या इंग्रजीत येगळे शबुद हायेत का न्हाईत?”

होते. त्या दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली, मला कळलं की होते. मी डिक्शनरी उघडली. हाणलं, एकदा आणि जोरात: स्ट्रक. बडवलं, पुन्हा पुन्हा, कणसं बडवावीत तसं: थ्रॅश. चेचलं: क्रश. ती प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायची, मी सांगायचो, ती मान हलवायची किंवा नाही म्हणायची. दांड्याला मी आधी स्टिक लिहिलं होतं. तिनं विचारलं, काठीला पण हाच शब्द का? मग घणाचा दांडा असं सरळ लिहिलं. ‘बसलेली’ हा शब्द तिनं तीनदा तपासून घेतला. “त्यो शबुद गाळू नको. उभ्या मानसाला हाणनं येगळं.” चार ओळी लिहायला दुपार गेली. शेवटी मी पूर्ण मजकूर मराठीत वाचला आणि ती म्हणाली, “आता बरूबर हाय. चांगला कागद करून आन, आंगठा देते.”

त्या चार ओळींत एकही वाक्प्रचार नव्हता. आयुष्यभर मी जे शिकवलं ते त्या दुपारी शिकलो. नोकरीत दर वर्षी फळ्यावर मी ते शब्द एकाखाली एक लिहायचो, मारण्याचे सगळे, आणि पोरांना म्हणायचो की यातला प्रत्येक शब्द वेगळ्या हत्याराचा आणि वेगळ्या माणसाचा आहे. पोरं हसायची. सरांना मारामारीची भारी हौस, म्हणायची. उत्तरपत्रिकेत कुणी ‘दुर्दैवी घटना’ लिहिली की माझं लाल पेन इतकं जोरात चालायचं की कागद फाटायचा. एकदा एका मुलाचे पालक भांडायला आले होते. मी त्यांचीसुद्धा माफी मागितली नाही.

वस्तीतून परतताना ऊन कलतं होतं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात दासू उभा होता, एकटाच.

“काय बे मास्तर, चार ओळीला दुपार लागती?”

त्यानं माझ्या हातातला कागद घेतला. त्याला वाचता येत नव्हतं. कागदाकडे बघून त्याला काय कळलं कोण जाणे, पण माझ्या तोंडाकडे बघून सगळं कळलं. त्यानं माझी मान धरली, पाय घातला आणि मला वाळूत पालथं पाडलं. गुडघा पाठीत रोवून तोंड वाळूत दाबलं. नाकातोंडात वाळू गेली, श्वास बंद झाला, डोळ्यांपुढे लाल झालं. मग केस धरून मान वर केली, श्वास घेऊ दिला आणि पुन्हा दाबलं. किती वेळा ते आठवत नाही. शेवटी त्यानं माझा उजवा हात ओढला आणि एका धोंड्यावर सपाट ठेवला. मनगटावर पाय दिला. हातात हातोडी नव्हती. तो नुसता उभा राहिला.

“लिव्हायचा ह्योच हात का?” त्यानं विचारलं.

मी काय बोललो ते मला आठवतं, पण लिहिणार नाही. त्यानं कागदाचे तुकडे केले आणि माझ्या सदऱ्यात कोंबले.

रात्र व्हायच्या आत मी चांगल्या कागदावर पत्र तयार केलं. दुर्दैवी स्कफल. एक महिला. किरकोळ. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. भीती होती, हे खरंच. पण नुसती भीती म्हटलं तर मी पुन्हा एक सोयीचा शब्द निवडला असं होईल. सुकडीच्या ट्रकचं कारण मी मनात घोकत होतो आणि कॉलेजातली खुर्चीही मला दिसत होती. ट्रक खरंच बंद पडला असता की नाही, हे मी कधी विचारायला गेलो नाही.

सकाळी कागद घेऊन वस्तीत गेलो. माझा ओठ फाटलेला होता. गयाबाईनं तो बघितला.

“कालचंच हाय न्हवं?”

“हो.”

“वाच.”

मी कागद समोर धरला. त्यावरच्या इंग्रजी ओळींवरून नजर फिरवत मी कालचा मजकूर तोंडपाठ म्हटला. दासू मुकादमानं गयाबाईला, ती बसलेली असताना, घणाच्या दांड्यानं हाणलं. किसनला चौघांनी बडवलं. त्याची बोटं दगडावर ठेवून चेचली. कुठं थांबायचं, कुठं नजर खालच्या ओळीवर आणायची, सगळं नीट जमलं. एक शब्द चुकला नाही. उजवा हात बांधलेला होता म्हणून तिनं डाव्या हाताचा अंगठा पॅडवर दाबला आणि मी दाखवलेल्या जागी टेकवला. मग माझ्या फाटलेल्या ओठाकडे बघून म्हणाली, “लई सोसलंस रं लेकरा माझ्यापायी.”

साहेब दहा-बारा दिवसांनी जीपमधून आले. उंच, उन्हानं लाल झालेले, भला माणूस. त्यांनी पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, खडीचे ढीग बघितले, पिंपातलं पाणी चाखलं. अप्पा हात जोडून मागं होते, दासू त्यांच्याही मागं. साहेबांनी विचारलं, ती बाई कुठाय. गयाबाई त्या दिवशी कामावरच होती, डाव्या हातानं दगड फोडत. घरी बसून चालणार नव्हतं. तिला बोलावलं. ती डावा हात झटकत आली आणि साहेबासमोर ताठ उभी राहिली. साहेबांच्या हातात माझा कागद होता. त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं की मी हे वाचलंय, या बाईला आणखी काही सांगायचं असेल तर विचार. ती बोलेल ते तू मला इंग्रजीत सांग.

मी तिला विचारलं. माळावरच्या हातोड्या थांबल्या होत्या. दासूकडे मी बघितलं नाही. गयाबाईनं माझ्याकडे बघितलं, मग त्या कागदाकडे, खालच्या निळ्या अंगठ्याकडे. तिचा चेहरा सैल झाला. पहिल्यांदाच मी तिला हसताना बघत होतो.

“त्येंला सांग,” ती म्हणाली, “कागदात समदं लिवलंय. जसं झालं तसं. मला त्याच्यावर काय बी सांगायचं न्हाई.”

साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “शी सेज इट इज ऑल इन द लेटर. शी हॅज नथिंग टू ॲड.”

तिच्या वाक्याचं ते अगदी बिनचूक भाषांतर होतं. त्याहून अचूक इंग्रजी मला पुढं कधी जमलं नाही. साहेबांनी मान हलवली, वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. गयाबाई परत जाऊन आपल्या ढिगाशी बसली आणि डाव्या हातानं हातोडी उचलली.